पाळण्यातून दिसेल असं चिमणाळं

बाळाच्या पाळण्यावर हौसेनं खेळणं टांगलेलं असतं. फिकट गुलाबी ससे, आकाशी ढग, मधोमध चंद्र. चावी दिली की मंजूळ सूर. येणारा-जाणारा "किती गोड!" म्हणतो. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते दीड महिन्याचं बाळ सशांकडे बघतही नाही. ते टक लावून बघतं छताच्या पंख्याकडे, पंखा बंद असला तरीही. तासगावसारख्या गावात, जिथे फाल्गुन लागला की पंख्याशिवाय दुपार सरत नाही, तिथे तर हे घरोघरी दिसतं. आजी कौतुकानं म्हणते, "पंख्याशी गप्पा चालल्यात आमच्या राजाच्या."

त्या पंख्यात असं काय आहे, जे विकतच्या सशात नाही? पांढऱ्या छतावर पंख्याची गडद पाती ठळक उठून दिसतात. पात्याची रुंदी चांगली चार-पाच बोटं असते. पंखा हळू फिरत असला की त्या ठळक कडा सरकताना दिसतात. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: पंखा खालूनच बघायचा असतो, त्यामुळे उताण्या बाळाला तो पुरता दिसतो. सशाचं तोंड मात्र पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या मावशीकडे असतं. बाळाच्या वाट्याला येतात त्याचे तळवे आणि पोटाखालची शिवण.

पाळण्यावरचं खेळणं घरी शिवायचं असेल तर ही एवढी गोष्ट आधी मनात पक्की करावी. ते बघणारा माणूस उताणा पडलेला आहे, त्याला धूसर दिसतं आणि त्याची मान अजून त्याच्या ताब्यात नाही. कापड, टाका, दोरा, कामटी यांचे सगळे निर्णय त्याच्या जागेवरून घ्यायचे.

माहेरचं चिमणाळं

आपल्याकडे या खेळण्याला चिमणाळं म्हणतात. लाकडाच्या रंगीत चिमण्या-पोपटांचं, नाहीतर घरात शिवलेलं कापडी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळे दिवस भरत येईपर्यंत आजोळी बाळंतविड्याची शिवण चालू असायची: झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, गोधडी. त्या बेतण्यातून उरलेल्या तुकड्यांचेच पक्षी व्हायचे. चौकोनी चिंधी तिरकी दुमडायची, आत कापूस भरायचा, चोचीला लाल दोरा घालायचा आणि मधूनमधून काचमणी ओवून पक्ष्यांची माळ करायची.

या जुन्या चिमणाळ्यातल्या दोन गोष्टी आजही तशाच ठेवाव्यात. एक म्हणजे भडक, एकमेकांना छेद देणारे रंग आणि दुसरी सुती कापड. एक गोष्ट मात्र सोडून द्यावी, ती म्हणजे मणी. त्याचं कारण पुढे येईल.

तान्ह्याला किती दिसतं

नुकत्या जन्मलेल्या बाळाचे डोळे उघडे असतात, पण नजर कच्ची असते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक तपशील आणि रंग टिपणाऱ्या पेशी असतात. नजरेच्या मधोमध त्या दाटीनं बसलेल्या असाव्या लागतात. जन्माच्या वेळी त्या आखूड आणि विरळ असतात, आणि डोळ्याकडून आलेला निरोप वाचणारा मेंदूचा भागही अजून घडत असतो. निरोगी मोठ्या माणसाला जी खूण 400 फुटांवरून ओळखता येते, ती ओळखायला नवजात बाळाला साधारण 20 फुटांवर यावं लागेल. 20 ते 30 सेंटिमीटरवरचं त्याला त्यातल्या त्यात बरं दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढंच हे.

याचा शिवणाऱ्याला उपयोग काय? 30 सेंटिमीटरवरून बघताना अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघा नवजात बाळाच्या नजरेत एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा नुसता करडा रंग होतो. म्हणजे बारीक बुट्टीचं कापड, नाजूक फुलांची छपाई, खणावरची सुबक वीण हे सगळं आपल्यासाठी. बाळासाठी तो एक मळकट ठिपका. पट्टे हवेत किमान एक सेंटिमीटर रुंद, ठिपके रुपयाच्या नाण्याएवढे. पंख्याचं कोडंही इथंच सुटतं. सात-आठ फूट उंचीवरच्या वस्तूत दोन सेंटिमीटरच्या आतलं काही बाळाला सुटं दिसणार नाही, पण पातं त्याच्या कितीतरी पट रुंद आहे.

बाळाला नक्षी आवडते हे कुणी तपासलं? रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. बाळ बोलत नाही, बोट दाखवत नाही, म्हणून त्यानं बाळाचे डोळेच वाचले. वर एक चित्र धरायचं, बारीक छिद्रातून बाळाच्या बुबुळाकडे बघायचं आणि चित्राचं प्रतिबिंब बुबुळावर किती वेळ राहतं ते मोजायचं. 1963 साली त्यानं प्रसिद्ध केलेल्या कामात पाच दिवसांच्या आतली बाळंही होती. साध्या रंगीत चकत्यांपेक्षा चेहरा, एकात एक वर्तुळं आणि वर्तमानपत्राचा छापील तुकडा यांच्याकडे ती जास्त वेळ बघत राहिली.

रंगांचं गणित थोडं वेगळं आहे. पहिल्या आठवड्यांत मोठा, गडद लाल तुकडा बाळाला करड्यापासून वेगळा ओळखता येतो. निळं-पिवळं नीट कळायला आणखी वेळ लागतो. तीन-चार महिन्यांपर्यंत रंगांची बहुतेक जाण आलेली असते. फिकट गुलाबी आणि फिकट आकाशी हे रंग सुरुवातीला सगळ्यांत कुचकामी, आणि दुकानांत बाळाच्या नावावर नेमके तेच सर्वाधिक खपतात.

मग पहिलं चिमणाळं काळं-पांढरं, थोडं लाल. इथे घरातून हरकत येते: "लेकराच्या डोक्यावर काळं कशाला?" ज्यांना हे खटकतं त्यांनी पहिली संक्रांत आठवावी. त्या दिवशी आपण त्याच लेकराला काळं झबलं घालतो आणि वर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. काळ्यावर पांढरं, याहून ठळक जोडी नाही. तरीही नको वाटलं तर गडद लाल आणि पांढरं घ्या, किंवा गर्द हिरवं आणि पांढरं. दोन रंगांतला उजळ-गडद फरक महत्त्वाचा, काळा रंगच हवा असं नाही.

खालून दिसणारा पक्षी

आता आकार. चिमणी म्हटलं की आपण बाजूनं काढतो: चोच डावीकडे, शेपटी उजवीकडे. ही चपटी चिमणी उभी टांगली की खालून दिसते फक्त एक रेघ, शिवणीची. म्हणून पक्षी पोटाकडून बेता. शिवारात मान वर करून घार बघतो तेव्हा ती कशी दिसते? दोन्ही पंख पसरलेले, शेपटी पंख्यागत उघडलेली. तोच खाका कागदावर काढा, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत 12 सेंटिमीटर. पोटाकडच्या भागावर रुंद पट्टे द्या. दोरा पाठीला लावा, म्हणजे पक्षी आडवा तरंगेल. कासव, आडवा मासा, पाकळ्या उघडलेलं फूल हेही याच पद्धतीनं जमतं. सगळ्यांत सोपा म्हणजे चेंडू: एक काळी, एक पांढरी अशा आठ फाका जोडून केलेला. तो कुठूनही सारखाच दिसतो.

चार-पाच तुकडे पुरे. जास्त झाले तर बाळाला एकही नीट दिसणार नाही.

कापड, माया आणि टाका

कापड सुतीच घ्या. पॉपलिन, केंब्रिक, मांजरपाट यांतलं काहीही चालतं. आपल्या भागाला सुती कापडाची वाण नाही. इचलकरंजीत 1904 पासून यंत्रमाग चालतात, इकडे विट्यालाही माग आहेत, आणि शिंप्याकडे मागितले तर तुकडे मिळतात. आजीची धुवट नऊवारी तर उत्तमच. वर्षानुवर्षं धुतल्यानं तिची खळ निघून गेलेली असते, धागे मऊ पडलेले असतात आणि आटायचं तेवढं कापड आटून गेलेलं असतं. नवं कापड असेल तर बेतण्याआधी धुवा, नाहीतर शिवलेला पक्षी पहिल्या धुण्यात आकसतो. रंग कच्चा आहे का हे बघायला पांढरं फडकं ओलं करून कापडावर जोरात घासा. फडक्याला डाग लागला तर ते कापड बाळासाठी नको.

खाका कापडावर ठेवताना उभा धागा पक्ष्याच्या अंगाच्या लांबीवर येऊ द्या. कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेनं फारसं ताणत नाही, उरेब ओढलं की ताणतं, कारण तिथे धागे ताणले न जाता एकमेकांवरून तिरके सरकतात. पक्षी उरेबात बेतला तर कापूस भरताना एक पंख लांबतो आणि तोल बिघडतो.

दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा, पाऊण सेंटिमीटर माया सोडा आणि उलटी टीप घाला. धावदोरा नको. धावदोऱ्यात दोरा एका ओळीत पुढे जातो. एका ठिकाणी तुटला की ओढ बसताच पुढची शिवण उसवत जाते. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागे येऊन आधीच्या टाक्याला भिडतो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. ज्या वस्तूच्या पोटात कापूस आहे आणि जी बाळाच्या डोक्यावर आहे, तिला हीच टीप हवी. बाजूला चार सेंटिमीटर तोंड उघडं ठेवा.

उलटवण्याआधी वळणांवर कात्री चालवावी लागते, आणि ती का हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. चार सेंटिमीटर त्रिज्येचा गोल शिवला असं धरा. टिपेचा घेर झाला साधारण 25 सेंटिमीटर. टिपेबाहेर पाऊण सेंटिमीटर माया आहे, तिच्या कडेचा घेर जवळजवळ 30. उलटवल्यावर ही कड टिपेच्या आत जाते, तिथे तिला जागा मिळते फक्त 20 सेंटिमीटरची. उरलेलं नऊ-दहा सेंटिमीटर कापड जाणार कुठे? ते चुण्या पाडतं आणि गोल खडबडीत दिसतो. म्हणून बाहेर फुगणाऱ्या वळणावर मायेतून छोटे त्रिकोण कापून टाकायचे. पंख आणि मान यांच्यामधल्या आत वळणाऱ्या खोबणीत उलट अडचण असते: तिथे कड आखूड पडते आणि ओढते, म्हणून तिथे नुसत्या चिरा द्यायच्या. कात्रीचं टोक टिपेच्या अलीकडे दोन मिलिमीटर थांबलं पाहिजे.

भरायला पिंजलेला कापूस, सावरीचा कापूस किंवा उशीचं फायबर. कापूस धुतल्यावर गोळे धरतो आणि वाळायला वेळ लावतो. सावरी हलकी, पण सुटली की घरभर उडते आणि नाकात जाते. रोजच्या धुण्याला फायबरच सोयीचं, हे माझं मत. भरताना चिमटी-चिमटीनं, आधी पंखाची टोकं, मग पोट. शेवटी तोंड हातशिलाईनं बारीक बंद करा.

टांगायचा दोरा नुसता वरच्या कापडात अडकवू नका. पाठीला आतून दुहेरी कापडाची चकती लावा, गोधडीचा जाड सुती दोरा दुहेरी घेऊन तिच्यातून चार वेळा फिरवा आणि गाठ आत दडवा. मग दोरा एका हातात, पक्षी दुसऱ्या हातात धरून जीव खाऊन ओढा. तुटायचा असेल तर तो आत्ताच तुटू दे.

तोल कसा साधतो

तुकडे तयार झाले. आता ते तरंगवायचे. आकाशकंदिलाला वापरतो तसली बांबूची कामटी बुरुडाकडून आणा, काचपेपरनं घासून कुसळं काढा.

कामटीच्या दोन टोकांना दोन पक्षी आणि मध्ये दोरा. पक्षी अगदी सारख्या वजनाचे असतील तर दोरा बरोबर मध्यावर येईल, पण हातानं भरलेले दोन पक्षी सारख्या वजनाचे होत नाहीत. इथे खांद्यावरची कावड आठवा. पुढची घागर काठोकाठ आणि मागची अर्धी असली तर कावडवाला काय करतो? पाणी सारखं करत बसत नाही. खांदा भरलेल्या घागरीकडे सरकवतो. जड घागर खांद्याच्या जवळ, हलकी लांब, आणि कावड आडवी राहते. नियम एवढाच की एका बाजूचं वजन गुणिले खांद्यापासूनचं अंतर आणि दुसऱ्या बाजूचा तोच गुणाकार सारखा यायला हवा.

आकड्यांत बघू. 25 सेंटिमीटरची कामटी, एका टोकाला 10 ग्रॅमचा पक्षी, दुसऱ्याला 15 ग्रॅमचा. दोरा 15 ग्रॅमवाल्यापासून 10 सेंटिमीटरवर बांधला तर इकडे 15 गुणिले 10 म्हणजे 150, तिकडे 10 गुणिले 15 म्हणजे 150. कामटी आडवी.

आता दुसरा मजला. खालची ही सगळी जोडी वरच्या कामटीसाठी एकच वजन आहे: 10, 15 आणि कामटीचे 5 मिळून 30 ग्रॅम. वरची कामटी 30 सेंटिमीटरची घेऊन तिच्या एका टोकाला ही जोडी आणि दुसऱ्या टोकाला 15 ग्रॅमचा चेंडू लावला, तर दोरा जोडीपासून 10 आणि चेंडूपासून 20 सेंटिमीटरवर येतो. 300 आणि 300. म्हणून चिमणाळं नेहमी खालून वर बांधायचं. वरून सुरू केलं की खाली प्रत्येक पक्षी लावताना वरचं सगळं पुन्हा बिघडतं. कामटीचं स्वतःचं वजन धरलं की दोऱ्याची जागा हिशेबापेक्षा जराशी मध्याकडे सरकते, म्हणून आधी सरकती गाठ मारा, तोल साधला की छोटी खाच पाडून गाठ आवळा आणि वर फेविकॉलचा थेंब.

घरगुती चिमणाळ्याचा आणि कलादालनातल्या शिल्पांचा नियम इथे एकच आहे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यानं 1930च्या दशकापासून तार आणि पत्र्याची तरंगती शिल्पं केली ती याच गणितावर. 1955 साली तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे राहून गेला आणि तिथेही त्यानं शिल्पं घडवली.

एक गोष्ट मात्र गुणाकारात येत नाही. तोल साधूनही काही चिमणाळी जराशा वाऱ्यानं एका बाजूला कलतात आणि तशीच राहतात. दोष कामटीच्या वाकाचा असतो. कामटी थोडी कमानदार असतेच. कमान वर आणि टोकं खाली अशी ती टांगली तर दोऱ्याची गाठ दोन्ही पक्ष्यांच्या गाठींपेक्षा उंचावर येते. अशी कामटी कलली की वर गेलेला पक्षी गाठीपासून लांब जातो, खाली गेलेला जवळ येतो. वरच्याची ओढ वाढते आणि कामटी पुन्हा आडवी होते. कमान उलटी, म्हणजे टोकं वर असतील, तर नेमकं विपरीत घडतं आणि खाली गेलेला पक्षी आणखी खाली जातो. कामटी हातात घेऊन तिचा वाक ओळखा, मगच खाच पाडा.

आपोआप फिरतं ते कशानं

नवं चिमणाळं टांगलं की पक्षी गरगर फिरतात, थांबतात आणि उलटे फिरू लागतात. यात वारा थोडा आणि दोरा फार. शिवणाचा दोरा म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले धागे. त्यांना वजन लावलं की पीळ सुटू बघतो आणि खालची वस्तू फिरते. फिरता फिरता पुढे गेली की दोरा उलटा पिळला जातो आणि तिला परत आणतो. यावर उपाय सोपा: प्रत्येक पक्षी दोऱ्यासकट रात्रभर खिडकीच्या गजाला टांगून ठेवा. सकाळपर्यंत दोरा निवतो.

त्यानंतर जी हालचाल उरते ती हवेची. कुणी दार उघडलं, कुणी शेजारून गेलं, तेवढ्यानंही रुंद पंखांचा हलका पक्षी वळतो. ही मंद हालचालच बाळाला हवी असते. पहिल्या दोन महिन्यांत त्याची नजर सरकत्या वस्तूमागे सलग जात नाही, टप्प्याटप्प्यानं उड्या मारत जाते. बॅटरीवर फिरणारी खेळणी या नजरेसाठी फार वेगात पळतात. हातानं शिवलेलं, वाऱ्यावर सोडलेलं चिमणाळं इथे विकतच्यापेक्षा खरोखर सरस आहे.

चौकट: शिवायला बसण्याआधी

तुकडे चार-पाच, प्रत्येकी 10 ते 12 सेंटिमीटर. पट्टे किमान एक सेंटिमीटर रुंद, काळे-पांढरे किंवा लाल-पांढरे. नक्षीची बाजू खाली, दोरा पाठीला. कापड सुती आणि धुतलेलं, टीप उलटी. मणी, टिकल्या, घुंगरू, बटणं, डोळे म्हणून चिकटवायचे खडे यांतलं काहीही नको. डोळे दोऱ्यानं भरा. बांधणी खालून वर, कामटीची कमान वर. आणि टांगण्याआधी पाळण्याच्या जागी स्वतः उताणं पडून एकदा वर बघा.

टांगायचं कुठे

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उताणं बाळ नाकासमोर वर बघत नाही. त्याची मान एका कुशीला वळलेली असते, बहुतेकांची उजवीकडे. म्हणजे पाळण्याच्या बरोबर मधोमध टांगलेलं चिमणाळं त्याच्या नजरेत येतच नाही. ते छातीच्या रेषेत, थोडं एका बाजूला टांगा आणि दर दोन-तीन दिवसांनी बाजू बदला. बाजू बदलल्यानं मानही दोन्हीकडे वळते. सुरुवातीला अंतर 30 ते 40 सेंटिमीटर, आणि तेही जवळ कुणी बसलेलं असताना. एरवी वर उचलून ठेवा.

आपल्याकडच्या कित्येक घरांत तान्हं बाळ झोळीत असतं. झोळीत चिमणाळ्याचा उपयोग नाही. लुगड्याच्या दोन्ही कडा वर मिटतात आणि बाळाला दिसते फक्त मधली फट. झोळी झोपायला. जागं असताना बाळाला जमिनीवर गोधडीवर ठेवा आणि चिमणाळं तिथे टांगा.

जुन्या वाड्यात तुळईला पाळण्याच्या कड्या असतात, त्यांच्यासारखी जागा नाही. स्लॅबच्या घरात कडी नसते आणि मग लोक पंख्याच्या हुकाकडे वळतात. पंख्याला किंवा त्याच्या दांड्याला चिमणाळं कधीही बांधू नका. भिंतीत खुंटी पक्की बसवून तिला आडवी पट्टी लावा आणि पंख्याच्या झोतापासून बाजूला टांगा, नाहीतर तोलाची सगळी मेहनत मातीमोल होऊन दोरे एकमेकांत गुंततात. मुख्य दोरा लावल्यावर त्याला पाच किलो तांदळाची पिशवी अडकवून बघा. ती टिकली तर शंभर ग्रॅमचं चिमणाळं नक्की टिकेल.

द्राक्षाचा घड शिवताना

तासगावात शिवणाऱ्या बाईच्या मनात द्राक्षाचा घड येणारच. तास-ए-गणेश ही जात याच मातीतली, बेदाण्याचा बाजार इथला. हिरव्या-जांभळ्या कापडाचे बोराएवढे गोळे करून घड बांधला तर दिसतोही देखणा. पण तो बांधू नका.

खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी एक साधं माप वापरतात: साधारण 32 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पुरती मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. लहान मुलाच्या घशात अडकू शकणाऱ्या वस्तूंचं हे माप आहे. गोल, मऊ, दबणारी वस्तू सगळ्यांत वाईट, कारण ती श्वासनलिकेच्या तोंडावर बुचासारखी बसते आणि हवेला फट राहत नाही. कापडी द्राक्ष सुटून पाळण्यात पडलं तर नेमकं हेच होऊ शकतं. मणी आणि घुंगरं सोडा म्हटलं ते याचसाठी. घड हवाच असेल तर तो एका सलग चपट्या तुकड्यात बेता, तळहाताएवढा, आणि द्राक्षं त्यावर गडद दोऱ्यानं मोठ्या गोलांत भरा.

हेच कारण खऱ्या द्राक्षालाही लागू आहे, आणि द्राक्षाच्या गावात ते मुद्दाम सांगायला हवं. रांगत्या-चालत्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये. उभं चिरून चार फोडी करून द्यावं.

पायाची लाथ आणि स्मरणशक्ती

चिमणाळ्यानं विज्ञानालाही मोठं देणं दिलं आहे. कॅरोलिन रोवी-कॉलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईनं 1960च्या दशकात आपल्या तान्ह्या मुलाच्या पायाला मऊ रिबीन बांधून ती पाळण्यावरच्या खेळण्याला जोडली. पाय हलवला की खेळणं हले. थोड्याच वेळात मुलगा जोरजोरात पाय मारू लागला. आपल्या लाथेनं ते हलतं, हे त्याला कळलं होतं. त्यातून पुढची अनेक वर्षं चाललेलं संशोधन उभं राहिलं. 1969 मध्ये त्यावरचा पहिला लेख आला. तोवर समज असा होता की एवढ्या लहान बाळांना काही लक्षात राहत नाही. या प्रयोगांत दोन महिन्यांच्या बाळांना एखादा दिवस, तीन महिन्यांच्यांना जवळजवळ आठवडाभर आणि सहा महिन्यांच्यांना दोन आठवड्यांपर्यंत ते आठवत असल्याचं दिसलं. त्याहून मला विलक्षण वाटतं ते हे: दुसऱ्या दिवशी खेळण्यावरचे बरेच तुकडे बदलले तर तीन महिन्यांची बाळं ते अनोळखी समजून पूर्वीसारखी लाथ मारत नसत. प्रत्येक तुकडा त्यांनी नीट पाहून ठेवलेला होता.

घरी मात्र बाळाच्या पायाला दोरी बांधायची नाही. प्रयोगात सगळा वेळ माणसं शेजारी होती. आपण एवढंच करावं की पहिले तुकडे दोन-तीन आठवडे तेच ठेवावेत, त्यांची ओळख होऊ द्यावी आणि मग एखादाच बदलावा. दोन महिन्यांनंतर काळ्या-पांढऱ्याच्या जागी लाल, निळा, पिवळा आणायला हरकत नाही; तेव्हा डोळे त्यासाठी तयार असतात.

उतरवायची वेळ

तीन महिन्यांच्या आसपास बाळ हात झाडू लागतं, मग पकडू लागतं. तेव्हा चिमणाळं त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर गेलंच पाहिजे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की बाळ पाच महिन्यांचं झालं, किंवा त्याआधीच हात-गुडघ्यांवर उठू लागलं, की पाळण्यावरची सगळी टांगती खेळणी काढावीत. कारण दोरा. ओढून गळ्याभोवती आला तर बाळाला तो सोडवता येत नाही. "एवढं छान केलंय, राहू दे आणखी थोडे दिवस," असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच, त्यांचं ऐकू नये.

तोवर दर पंधरा दिवसांनी चिमणाळं उतरवून धुवायला हवं, कारण वरून पडणारी धूळ थेट बाळाच्या तोंडावर येते. साध्या साबणाच्या पाण्यात पक्षी दाबून धुवा, पिळू नका, फडक्यात गुंडाळून पाणी टिपा आणि उन्हात उलटसुलट करून आतपर्यंत वाळवा. भर पावसाळ्यात आतला कापूस ओला राहिला की वास येतो आणि बुरशी धरते. तसा वास आला तर भरलेलं काढून नवं भरा.

कायमचं उतरवल्यावर पाठीचे दोरे मुळापासून कापा आणि कामट्या वेगळ्या ठेवा. जे तुकडे तळहाताएवढे आहेत आणि ज्यांची टीप कुठेही सुटलेली नाही, ते एकदा उकळत्या पाण्यातून काढून जाग्या बाळाच्या हाती द्यायला चालतील. झोपताना मात्र तेही अंथरुणातून उचलायचे. चेंडूची शिवण आधी पुन्हा एकदा उलट्या टिपेनं पक्की करा, कारण आता तो टांगलेला नसेल, चावला जाणार आहे.